सांडलेलं पाणी

वाटणीच्या दिवशी पंचांनी विमलाबाईला पाणी दिलं ते हसत हसत दिलं.

तिचा नवरा प्रेमलाल तापानं गेला. त्याच्या तेरवीची भांडी अजून घासून व्हायची होती आणि धाकटा भाऊ तेजराम वाटणीला बसला. वरच्या सगळ्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, विहीर आणि विहिरीवरचं इंजिन तेजरामकडे गेलं, कारण म्हातारी आई, शांताबाई, त्याच्याकडे राहणार होती. विमलाबाईला मूलबाळ नव्हतं. मूल नसलेल्या विधवेला जमीन हवीच कशाला, असं कुणी तोंडानं म्हटलं नाही, पण मंडळींच्या बसण्यातच ते दिसत होतं. तिला विहिरीखालची एक निमुळती पट्टी मिळाली. तिनं पाण्याचं विचारलं, तेव्हा महागू पटेलानं बिडी दगडावर विझवली आणि जुना रिवाज सांगितला. विहिरीवर जे पाणी सांडतं त्याच्यावर मालकाचा हक्क नाही, उताराला ज्याचं शेत असेल त्याचं ते. मोटेच्या दिवसांत हेच चालत आलं होतं, इंजिनाच्या दिवसांतही हेच चालेल.

"जे सांडन ते तुह्यं, विमला," पटेल म्हणाला.

मंडळी हसली. सांडून सांडून किती सांडणार, असा हिशेब त्यांनी मनात करून टाकला आणि चहा मागवला.

पण इंजिन म्हणजे काही मोट नव्हे. इंजिनाचा पट्टा पंपाचा दांडा फिरवायचा, आणि तो दांडा पंपाच्या पोटात जिथून शिरतो तिथून पाणी बाहेर येऊ नये म्हणून चरबी माखलेली सुताची दोरी वेढे देऊन ठासलेली असायची. वरून ग्लँड, म्हणजे लोखंडाचा गळपट्टा, दोन नटांनी आवळलेला. प्रेमलाल होता तेव्हा दोरी तोच बदलायचा. विमलाबाई शेजारी उकिडवी बसून दोरीला चरबी चोळून द्यायची. त्याच्यामागे त्या दोरीकडे कुणी पाहिलं नाही. दोरी झिजली, आणि पूर्वी जिथे थेंब पडायचा तिथे करंगळीएवढी धार लागली.

विमलाबाईनं त्या धारेला पाट काढून दिला. पंपाच्या चौथऱ्याच्या कडेनं कुदळीनं खाच पाडली, नाल्यातली चिकण माती डोक्यावर वाहून पाट लिंपला, म्हणजे वाटेत पाणी जिरू नये. पट्टीत सगळा मुरूम होता. तो तिनं टोपल्यानं उपसला आणि गावातलं शेण गोळा करून भरलं. हाताची कातडी आधी फुटली, मग जाड झाली. मग वांगी लागली, मेथी आली, कुंपणाला वालाच्या शेंगा लोंबल्या. बाजाराच्या दिवशी ती डोक्यावर टोपली घेऊन हट्ट्याला चालत जायची आणि रिकामी टोपली घेऊन परत यायची. हे मात्र गावाला आवडलं नाही. तिची कीव करायची सवय झाली होती, ती मोडावी लागत होती.

शांताबाई राहायची धाकट्याकडे, पण संध्याकाळी जेवायला यायची थोरलीकडे. तेजरामची बायको अनुसया वाईट नव्हती, पण तिच्या घरात सासूचं ताट सगळ्यांच्या नंतर वाढलं जायचं आणि तोवर भाजीचं भांडं खरडलेलं असायचं. विमलाबाईकडे गरम भात मिळायचा, वांग्याची भाजी मिळायची, वर जवसाची चटणी. वाटणीत ज्यानं आईला मागून घेतलं, त्याला ती कुठे जेवते हे माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं राहणं त्याला परवडत होतं.

पासष्ट साली हस्त नक्षत्र कोरडं गेलं. आभाळ रोज दुपारी भरायचं आणि रोज संध्याकाळी उघडं पडायचं. भारी, म्हणजे उशिरा येणारा, धान नेमका निसवत होता, लोंबीत दूध भरायची वेळ आली होती आणि बांध्यांची माती पायाखाली कडक व्हायला लागली होती. ह्या दिवसांत पाणी मिळालं तर दाणा, नाही तर नुसतं तूस. गावात बाकीच्यांचा धान देवाच्या भरवशावर होता. तेजरामकडे इंजिन होतं. सकाळी दिवस उगवला की तो हँडल मारायचा आणि दिवस बुडेपर्यंत त्या धडधडीनं विहिरीची माती हलत राहायची. अनुसया फावडं घेऊन बांधीबांधीत पाणी फिरवायची. पोटऱ्यांपर्यंत चिखल, कमरेला खोचलेलं लुगडं, पाठ दिवसभर वाकलेली. म्हातारी मोहाच्या झाडाखाली बसून डबा बडवत पोपट हाकलायची.

एक दिवस डिझेल आणायला तेजराम हट्ट्याला गेला आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी त्याला हसत विचारलं, "काय गा तेजराम, तुह्या डिझेलवर वहिनीचे वांगे पिकून राह्यले म्हणतात?" बाकीचे कपात तोंड घालून हसले. तेजरामही हसला. पण परत येताना डिझेलचा डबा सायकलला नीट बांधलेला असूनही तो दर थोड्या अंतरावर उतरून दोरी आवळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाना घेऊन चौथऱ्यावर चढला. विमलाबाई खाली वांग्याला माती लावत होती. पाना पाहून ती वर आली. दिराशी बोलताना ती पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायची, तसा तिनं घेतला.

"भाऊजी, आवळू नका. दोरी बदला," ती म्हणाली. "जुनी झाली ते. नवी घालून निम्मं आवळा. धार बंद होऊ द्या, मी काही म्हणत नाही. पण थेंब राहू द्या. थेंब बंद झाला का दोरी जळते."

"अन् तो थेंब कोणाच्या वांग्याले जाईन?"

"माह्याच वांग्याले जाईन."

"मंग झालं," तेजराम म्हणाला आणि त्यानं नटाला पाना लावला.

तिचं बोलणं खरं होतं. पंप बसवला तेव्हा बाबूलाल मिस्त्रीनं हेच सांगितलं होतं आणि तेव्हा तेजराम शेजारीच उभा होता. पण खरं बोलून जिचा फायदा होतो तिचं खरं कोण ऐकतं? बाई धारेचं पाणी सोडायला तयार होती, नुसता थेंब मागत होती, आणि तोही दोरी जळू नये म्हणून. त्याला मात्र त्यात बाईचा डाव दिसला. त्यानं दोन्ही नट दात खाऊन आवळले. धारेची रेघ झाली, रेघेचे थेंब झाले. इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण पाटात अजून ओल दिसत होती. त्यानं पान्यावर पाय देऊन नट आणखी एक फेरा फिरवला आणि थेंबही थांबला. मग तो खाली उतरून बांधीकडे गेला. चालताना खांदे असे ताठ होते की जणू मोठं काम करून चालला आहे.

दुपारपर्यंत पाट वाळला. विमलाबाई चौथऱ्यावर चढली तेव्हा तिला चरबी तापल्याचा वास आला. तिनं हाताची मागची बाजू ग्लँडला लावली आणि झटकन काढली. बोटांच्या पेरांवर लाल डाग उठले. पाना तिथेच पडला होता. नट थोडा सैल केला असता तर भागलं असतं, दोरी ओली झाली असती, दांडा थंड झाला असता. तिनं पान्याकडे पाहिलं, मोहाखाली बसलेल्या सासूकडे पाहिलं. इंजिन तिचं नव्हतं. उद्या कुणी म्हणालं असतं की पाणी चोरायला हात घातला, म्हणून तिनं पाना उचलला नाही. ह्या एका शहाणपणाचा तिला पुढे जन्मभर संताप येत राहिला.

ती धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत अनुसयेकडे गेली आणि तिला सांगितलं की ग्लँड तापला आहे, त्याला म्हणावं थोडं सैल कर. अनुसयेनं फावडं टेकवलं, विमलाबाईच्या बोटांवरचे लाल डाग पाहिले आणि नवऱ्याकडे गेली. तो काय बोलला ते इकडे ऐकू आलं नाही, पण अनुसया परत आली तेव्हा तिचा चेहरा मारल्यासारखा झाला होता.

"तिची वकिली करतं का म्हणते," ती म्हणाली. "बाई, तुमी जा आता. मले बोलणे बसतात."

दुसऱ्या दिवशी दोरी जळाली. आधी धूर आला, मग जळक्या सुताचा वास थेट बांधीत पोहोचला. जळलेली दोरी भुगा होऊन निघून गेली आणि जिथे थेंब नव्हता तिथून पाण्याचा फवारा उडाला. तेजरामनं काय करावं? पुन्हा आवळलं. आत दोरी उरली नव्हती, लोखंडावर लोखंड घासत होतं, आणि त्याचा तो किंचाळणारा आवाज गावात ऐकू जात होता. त्यानं बादलीनं पाणी ओतलं, ते चुरचुरून वाफ झालं. संध्याकाळपर्यंत पंप हवा ओढायला लागला आणि पाणी चढायचं थांबलं. इंजिन नुसतंच धडधडत राहिलं. मग तेही त्यानं बंद केलं, आणि इतके दिवस कानात बसलेला आवाज गेल्यावर सगळी बांधी ओकीबोकी वाटली.

बाबूलाल मिस्त्री बालाघाटहून सायकलवर आला. सगळं खोलून त्यानं दांडा बाहेर काढला, फडक्यानं पुसला आणि त्यावरून नख ओढलं. नख खाचेत अडकलं. चौथऱ्याभोवती गावातली माणसं जमली होती, महागू पटेलही होता. दुसऱ्याचं इंजिन बिघडलं की वेळ काढून यावंच लागतं.

"किसने कसा इतना?" बाबूलालनं विचारलं. "अरे, टपकने देना था भाई. शाफ्ट कट गया. गोंदिया भेजना पड़ेगा, खराद मशीन पर. दिवाली के बाद ही मिलेगा."

दिवाळीनंतर म्हणजे लोंबी वाळून गेल्यावर. हे चौथऱ्यावरच्या सगळ्यांना समजलं. तेजरामचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्यानं सगळ्यांकडे पाहिलं, टपरीवर हसलेला माणूसही त्यात होता. आता हा किस्सा उद्या हट्ट्याला पोहोचणार, वहिनीचा थेंब बंद करायला गेला आणि स्वतःचा धान जाळून बसला म्हणून. धान गेला हे एक वेळ सोसलं असतं, हे हसणं सोसवलं नसतं.

"आमच्या वहिनीले विचारा," तो म्हणाला. "तिले माहीत असन. तीच पंपापाशी घुटमळत राह्यते."

विमलाबाई खाली वांग्यांत उभी होती. तिला वाटलं, कुणीतरी हसेल. कुणीच हसलं नाही.

इंजिन गेलं तशी बादल्यांची पाळी आली. मोट केव्हाच कुजून गेली होती. नवराबायको विहिरीतून बादल्या उपसत होते, अनुसयेच्या तळहातांची सालं निघाली, तिनं चिंध्या बांधल्या आणि पुन्हा दोर धरला. अर्धी बांधीही भिजेना. विमलाबाई एका सकाळी पदर खोचून दोर धरायला गेली. तिची वांगीही माना टाकत होती, पण ती वांग्यांसाठी गेली नव्हती. धान डोळ्यांसमोर मरताना पाहणं तिला जमत नव्हतं, त्या बांधीत तिनंही नवऱ्याबरोबर रोवणी केली होती. तेजरामनं तिच्या हातातून दोर ओढून घेतला आणि म्हणाला, एवढं केलं ते पुरे नाही झालं का. खोटं रोज बोलून त्याला ते खरं वाटायला लागलं होतं.

मग पंच बसले, पहिल्यांदा बसले होते त्याच पाराशी. तेजरामनं सांगितलं की वहिनीला धार वाढवायची होती म्हणून तिनं नटाला हात घातला, तिला उलटं-सुलटं कळलं नाही आणि सैल करायच्या ठिकाणी आवळून बसली. विमलाबाईनं जसं घडलं तसं सांगितलं. बाबूलालला विचारा म्हणाली, पण बाबूलाल तिथे नव्हता आणि तो कुणी आवळलं हे सांगूही शकला नसता. अनुसयेला कुणी विचारलंच नाही, नवऱ्याविरुद्ध बायकोला विचारायची गावात पद्धत नव्हती. राहिली शांताबाई. ती दोन्ही दिवस मोहाखाली होती.

महागूनं तिला जवळ बोलावलं. तेजरामला पाना फिरवताना पाहिलं का, असं त्यानं विचारलं.

"मले दूरचं दिसत नाही बाप्पा," म्हातारी म्हणाली.

"अन् विमलाले? ते गेलती का पंपापाशी?"

म्हातारीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"हौ," ती म्हणाली. "तिचा हात लागलता. म्या पाह्यलं."

शब्दाशब्दानं खरं होतं ते. विमलाबाईच्या बोटांवर त्याचे डाग होते, आणि ते डागच मग पुरावा झाले. मोहाखालून एकाच जागेकडे पाहताना म्हातारीला मुलगा दिसत नाही आणि सून दिसते, हे पारावरच्या एकाही शहाण्याला विचित्र वाटलं नाही. पटेलानं निकाल दिला. विमलाबाईनं चौथऱ्यावर पाय ठेवायचा नाही, आणि सांडलेल्या पाण्यावरचा तिचा हक्क आजपासून संपला. कुणी उठून गेलं, कुणी तंबाखू मळली.

त्या संध्याकाळी शांताबाई जेवायला आली. नेहमीच्या वेळी आली, नेहमीसारखी उंबऱ्यात काठी टेकवली आणि भिंतीला टेकून बसली. विमलाबाई चुलीपाशी होती. तिच्या मनात आलं, हिला हाकलून द्यावं, ताट उचलून अंगणात फेकावं. तिनं भात वाढला. भाजीला शेवटची, किडकी वांगी होती.

"पोरगा आहे वो माह्या," म्हातारी ताटाकडे पाहत म्हणाली. "त्याच्याच दारात मराचं आहे मले."

"जेवा," विमलाबाई म्हणाली.

म्हातारी जेवली. भात पुन्हा मागितला, तोही तिनं वाढला. वाढताना तिला स्वतःचीच किळस येत होती, की एवढं होऊनही आपल्याला वाढता येतं.

धान कापला तेव्हा पेंढ्या हलक्या लागल्या. खळ्यावर उडवायला घेतलं तर जवळजवळ सगळंच वाऱ्यावर गेलं, पायाशी मूठ-मूठ दाणा पडत होता. अनुसया सूप धरून उभी होती, तिच्या केसांत, भुवयांत तूस भरलं होतं. तिनं मध्येच सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तेजरामनं मान फिरवली. खाली पट्टीत वांग्यांची नुसती काटकं उरली होती. विमलाबाईनं ती उपटून सरपणाला रचली, दाराला कडी घातली आणि भरवेलीच्या खाणीवर कामाला निघून गेली. तिथे बायका मँगनीजचे दगड फोडायच्या आणि टोपल्यानं वाहायच्या. हात तयारच होते.

दांडा गोंदियाहून आला. बाबूलालनं नवी दोरी चरबीत घोळवून भरली, नट बोटांनी लावले, पान्यानं थोडेसे आवळले. थेंब-थेंब पाणी गळायला लागलं. तेजरामनं तोंड उघडायच्या आत त्यानं बजावलं की हा थेंब बंद करशील तर पुन्हा मला बोलावू नकोस. तेजरामनं थेंब बंद केला नाही. त्यानं ग्लँडखाली घासलेटचा एक रिकामा डबा ठेवला आणि आईला तिथे बसवलं. डबा भरला की म्हातारीनं उठायचं, तो उचलून धुऱ्यापर्यंत न्यायचा आणि वरच्या बांधीतल्या गव्हात ओतायचा. उताराला आता कुणीच नव्हतं, पट्टी भेगाळून पडली होती. तरी डबा होता.

शिमग्याच्या सुमारास विमलाबाई घराची कौलं पाहायला आली. खाणीची काळी धूळ तिच्या नखांत आणि गळ्याच्या वळ्यांत बसली होती. ती पायवाटेनं येताना इंजिन चालू होतं. म्हातारी डब्यापाशी बसून डुलत होती. ती इतकी वाळली होती की विमलाबाईनं आधी ओळखलं नाही. संध्याकाळचं ताट आता कुठे मिळत नव्हतं.

"काही आणलं का वो खायाले?" म्हातारीनं विचारलं.

विमलाबाईच्या पिशवीत फुटाणे होते. ती चौथऱ्याच्या कडेला उभी राहिली. थेंब डब्यात पडत होता, एक पडला की दुसरा भरून यायचा. सवयीनं तिचा हात पुढे गेला, ग्लँड गरम आहे का पाहायला, आणि मध्येच थांबला. तिनं तो मागे घेतला.

"हात नोको लावू, वहिनी," गव्हातून तेजराम ओरडला.

"नाही लावला बाप्पा तिनं," म्हातारी घाईनं म्हणाली. तिची नजर पिशवीवर होती. "म्या पाहून राह्यली ना. नाही लावला तिनं हात."

विमलाबाईनं सासूकडे पाहिलं.

"आता दिसते का तुमाले, आत्याबाई?"

म्हातारी खाली पाहू लागली. विमलाबाईनं पिशवी काखेत घट्ट धरली आणि ती घराकडे चालू लागली. मागे डबा भरून वाहायला आला होता. तेजरामनं पुन्हा हाक मारली तेव्हा म्हातारी गुडघ्यांवर हात टेकून उठली, डबा पोटाशी धरला आणि धुऱ्याकडे निघाली.